फक्त बघायला चाललोय : जुनी मोटरसायकल घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

पूर्वतयारी

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा : ‘घेणार नाहीये, फक्त बघायला चाललोय.’ आईला ते चपला घालता घालता सांगावं. वडिलांना सांगूच नये, त्यांना तुमच्या लगबगीवरून कळलेलं असतं. बायकोसाठी ‘एका मित्राला घ्यायचीय’ अशी सुधारित आवृत्ती आहे. तिचा त्यावर विश्वास बसत नाही, पण वाद संध्याकाळपर्यंत पुढे ढकलला जातो. इसाराचे पैसे खिशात नेऊ नका, फोनमध्ये ठेवा. तिथे फुगवटा दिसत नाही.

हे वाक्य खोटं आहे हे आम्हालाही मान्य आहे. जुनी मोटरसायकल घ्यायची की नाही याचा निर्णय ती बघायला जाण्याआधीच झालेला असतो, बहुधा रात्री दीड वाजता, अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर तिचे फोटो मोठे करून बघताना. तेव्हा ‘घ्यावी का?’ हे आम्ही शिकवणार नाही. झालेला निर्णय मोडायला एखादं भक्कम कारण सापडतंय का, एवढंच कसं शोधायचं ते सांगतो. इंजिनाचा आवाज हे भक्कम कारण नव्हे. सीट फाटलीय हे तर कारणच नव्हे.

पायरी पहिली : जुनी म्हणजे किती जुनी?

दहा-बारा वर्षांची स्प्लेंडर घ्यायची असेल तर इथेच थांबा, गाडी घ्या आणि कामाला लागा. १९९४ पासून ती रस्त्यावर आहे. नाशिकरोडला सिन्नर फाट्यापासून देवळाली गावापर्यंत कुठल्याही झाडाखाली बसलेला मेकॅनिक ती डोळे मिटून खोलतो. तुम्हाला मार्गदर्शनाची गरज नाही, पेट्रोलची आहे.

मार्गदर्शन लागतं ते आरएक्स हंड्रेड, येझदी आणि जुन्या बुलेटच्या नादी लागलेल्यांना.

आरएक्स हंड्रेड १९८५ च्या अखेरीस आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास, म्हणून ती तशी पळते. यातलं १९९६ साल लक्षात ठेवा. ‘२००२ मॉडेल आरएक्स हंड्रेड, एकदम कडक’ असं कोणी म्हणालं तर ती एक तर आरएक्स वन थर्टी फाइव्ह आहे, नाही तर कागद एका गाडीचे आणि लोखंड दुसऱ्या गाडीचं आहे. खऱ्या आरएक्स हंड्रेडचा चॅसी नंबर ‘१एल१’ने सुरू होतो. हँडलच्या खाली, मानेपाशी वाकून वाचा. वाकल्यावर विकणारा अस्वस्थ होतो का, तेही डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा.

येझदी म्हैसूरची. आयडियल जावा कंपनीने तिथे १९६१ मध्ये जावा बनवायला घेतली, पुढे येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तिच्यात किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात. किक मारून झाली की तोच दांडा पुढे पाडायचा, की तो गिअर होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला गाडी मोडली असं वाटतं. घाबरू नका, विकणाऱ्यालाही एकेकाळी तसंच वाटलं होतं. आता जावा (२०१८) आणि येझदी (२०२२) ही नावं नव्या गाड्यांवर परत आली आहेत. भाव ऐकल्यावर शोरूममधल्या नवीन गाडीची किंमत एकदा विचारून घ्या. दोन्ही आकडे जवळपास आले तर विकणारा ‘भावना’ नावाचा वेगळा पार्ट विकतोय असं समजा.

बुलेटचं प्रकरण मोठं आहे. मद्रासला १९५५ पासून ती बनू लागली आणि जुन्या गाड्यांमध्ये गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. स्प्लेंडरवर शिकलेला माणूस हिच्यावर बसून बिटको चौकात ब्रेक दाबायला जातो आणि गिअर बदलतो. सुरू करायलाही विधी आहे. टाकीपुढचा अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसरची कळ दाबून किक किंचित पुढे सरकवायची, कळ सोडायची आणि मग एकच सलग किक मारायची. यातली एक पायरी चुकली की किक उलटी येते आणि नडगीवर आपटते. नडगी बरी होते.

नाशिकरोडला बुलेट बघायला गेलात की तुम्हाला हमखास एक वाक्य ऐकू येईल : ‘मिलिटरी ऑक्शनची आहे.’ नाशिकरोड कॅम्पला आर्टिलरी सेंटर, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, त्यामुळे हे ऐकायला पटतं. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या बुलेटी खरोखर असतात आणि त्यांचे लिलावाचे, सुटकेचे कागदही असतात. त्या कागदांवरून आरटीओत नव्याने नोंदणी झालेली असते. ते कागद बघायला मागा. ‘टाकी खरवडली की आत हिरवा रंग दिसतो’ हा पुरावा म्हणून धरू नका. हिरवा रंग कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

पायरी दुसरी : विकणारा कोण?

इथल्या जाहिरातींमध्ये गाडीपेक्षा मालकाचंच वर्णन जास्त असतं. ‘प्रेसवाल्याची गाडी’ म्हणजे इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी करणाऱ्याची : घर ते प्रेस, प्रेस ते घर, रविवारी मुक्तिधाम. ‘पंचवटीवाल्याची गाडी’ म्हणजे रोज पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्याची. गाडी दोन-तीन किलोमीटर चालायची आणि दिवसभर स्टेशनच्या पार्किंगला उभी राहायची. दोन्ही वर्णनं विकणाऱ्याला फार आवडतात, कारण गाडी कमी चालली असा त्यांचा अर्थ होतो. खरं तर दोन-तीन किलोमीटरची चाल इंजिनाला मानवत नाही. ते धड तापायच्या आत बंद होतं, आतला ओलावा जळून जात नाही, सायलेन्सर आतून गंजतो, ऑइल लवकर खराब होतं. रोज सिन्नरच्या एमआयडीसीत ये-जा करणाऱ्याची गाडी जास्त किलोमीटर झालेली असूनही पुष्कळदा धडधाकट निघते.

किलोमीटरचा काटा तर विश्वासात घेऊच नका. केबल काढून ठेवली की गाडी धावते, काटा झोपतो. तीस वर्षांच्या गाडीवर बावीस हजार किलोमीटर दिसले तर किकचं रबर बघा, ब्रेक पॅडलची झिजलेली कड बघा, चावीचं भोक बघा. त्यांना कोणी मागे फिरवू शकत नाही.

‘कॉलेजच्या मुलाची गाडी’ असेल तर पायरी तिसरी वाचायची गरज नाही. घरी जा.

पायरी तिसरी : थंड इंजिन

विकणारा म्हणतो, ‘संध्याकाळी या.’ तुम्ही सकाळी जा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सगळ्याच टाक्या चमकतात, आणि तोपर्यंत त्याने दोनदा गाडी फिरवून गरम करून ठेवलेली असते. गरम इंजिन अर्धी लक्षणं लपवतं. गेल्या गेल्या, नमस्कार करता करता, तळहात इंजिनाजवळ न्या. ऊब लागली तर तो म्हणेल, ‘आत्ताच दूध आणायला गेलो होतो.’ मग चहा घ्या. दुसरा घ्या. तासभर त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी करा. ज्याची गाडी नीट आहे तो तुम्हाला थांबवून घेतो. ज्याची नाही त्याला अकरा वाजता कुठेतरी निघायचं असतं.

गाडी थंड झाली की पायाने नव्हे, हाताने किक हळूहळू खाली दाबा. ती दाबायला जोर लागला आणि मध्ये एक ठळक अडथळा जाणवला तर इंजिनात कॉम्प्रेशन आहे. लोण्यात गेल्यासारखी गेली तर बोर आणि पिस्टनचं काम तुमच्या नावाने वाट बघतंय. चार स्ट्रोकची गाडी असेल तर ऑइलची पट्टी काढून बघा. काळं ऑइल म्हणजे आळशी मालक, त्याला माफ करावं. दुधाळ, राखाडी झालं असेल तर आत पाणी गेलंय.

आता धूर. इथे नवशिके हमखास गोंधळतात. येझदी आणि आरएक्स दोन स्ट्रोकच्या, पेट्रोलबरोबर ऑइल जाळणाऱ्या, त्या थोडा धूर मारणारच. उलट आरएक्स अजिबात धूर देत नसेल तर ऑइल पंप चालतोय ना ते विचारा, नाहीतर मोहदरी घाटात पिस्टन जाम व्हायचा. चार स्ट्रोकच्या गाडीत निळसर धूर हा मात्र आजार. रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करताना एकदाच भपकन आला आणि थांबला तर व्हॉल्व्हचं सील, स्वस्तातलं काम. रेस केल्यावर सतत येत राहिला तर रिंगा गेल्या. त्याला मेकॅनिक ‘हाफ इंजिन’ म्हणतात आणि बिल करताना अर्धं राहत नाही.

मग खिशातून लोहचुंबक काढा. टाकीवर, मडगार्डवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे. हे करताना विकणाऱ्याचा चेहरा पडतो, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. टाकीचं झाकण उघडून बॅटरीने आत बघा. बॅटरीनेच. काडी पेटवून बघणारे लोक या मार्गदर्शिकेचे वाचक राहत नाहीत. आत तांबूस पापुद्रे दिसले तर गंज आहे आणि तो कार्बोरेटरमध्ये जाणार. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि या गाड्यांमधले जुने रबर-गास्केट त्याच्यासाठी बनवलेले नाहीत. म्हैसूरला येझदी बनवणाऱ्यांनी तिला कधी काळी उसाचं पाजावं लागेल याचा विचार केला नव्हता. पळशाच्या साखर कारखान्यावरून जाताना या गोष्टीची गंमत वाटते. कार्बोरेटर तिसऱ्यांदा खोलताना वाटत नाही.

पायरी चौथी : सोबत कोणाला न्यायचं?

मेकॅनिकला. पण त्याचं गणित समजून घ्या. तुम्ही गाडी घेतली नाहीत तर त्याला चहा मिळतो. घेतलीत तर पुढची दोन वर्षं गिऱ्हाईक मिळतं. तेव्हा ‘घेऊन टाका, किरकोळ काम आहे’ या वाक्यातल्या पहिल्या भागाकडे दुर्लक्ष करा आणि ‘किरकोळ’ची यादी कागदावर लिहून घ्या : कोनसेट, चेन किट, क्लच प्लेट, शॉकअपचं ऑइल सील, वायरिंग. त्याच्यापुढे रक्कम लिहायला लावा. पेन हातात आल्यावर माणसं खरं बोलतात.

मित्रांना नेऊ नका. एक जण टाकीवर हात फिरवत ‘काय गाडीये भो!’ म्हणतो आणि भाव तिथेच पाच हजारांनी वर जातो.

पायरी पाचवी : चालवून बघणे

पुण्याच्या रस्त्याला शिंदे-पळसे टोलनाका ओलांडून मोहदरी घाटापर्यंत न्या. चढावर क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी तिथेच राहते. उतारावर हँडल थरथरतं का बघा. विकणारा मागे बसायचा हट्ट धरेल. बसू द्या, त्याचं वजनही तपासणीचाच भाग आहे.

पायरी सहावी : कागद

इतका वेळ जे केलंत ते सगळं विसरलात तरी चालेल. लोखंड दुरुस्त होतं. पिस्टन मिळतो, बोर करून मिळतो, चेन बदलते, टाकी आतून धुऊन मिळते. कागद दुरुस्त होत नाहीत. आणि नवशिका नेमका दोन तास गाडीभोवती फिरतो आणि कागद दोन मिनिटांत चाळतो, तेही झेरॉक्स.

मूळ आरसी मागा. त्यावरचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे का? पुष्कळदा नसतो. संवाद असा होतो :

‘नाव काकांचं दिसतंय.’

‘हो, काकांच्याच नावावर आहे.’

‘काका सही करायला येतील ना?’

‘काका वारले, दहा वर्षं झाली.’

इथे दुःख व्यक्त करा आणि फॉर्म ३१ बद्दल विचारा. मालक मेल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज तो. आधी गाडी पुतण्याच्या नावावर झाली पाहिजे, मग तुमच्या. काकांना मुलं असतील तर पुतण्याच्या हातात गाडी कशी, हा प्रश्नही आताच विचारावा. पुढे विचारायला काकूंच्या घरी जावं लागेल.

दुसरा प्रकार ‘टीटी फॉर्मवर सही करून ठेवलीये’ हा. म्हणजे फॉर्म २९ आणि ३० कोरे, तळाशी मूळ मालकाची सही, तारीख नाही. अशी गाडी चार-पाच हातांतून फिरलेली असते आणि आरटीओच्या दफ्तरी मात्र पहिलाच माणूस मालक. यात फक्त तुमचाच घोटाळा होतो असं नाही. २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. गाडी विकून निवांत बसलेल्या गृहस्थाने ती भरायची. विकणारा ‘नावावर कधीही करा, घाई नाही’ म्हणाला तर त्याला हा निकाल सांगा. तोच तुम्हाला उद्या पेठ रोडच्या आरटीओत घेऊन जाईल.

पंधरा वर्षांचं बघा. नोंदणीची मुदत पंधरा वर्षं, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क दुचाकीला ३०० रुपये होतं, १ एप्रिल २०२२ ला १००० झालं, फार जुन्या गाड्यांना पुढे आणखी वाढलं, शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून वर्षं लोटली असतील तर दंडही वाढत गेलेला असतो. विकणारा याला ‘पेपर थोडे मागे आहेत’ म्हणतो. किती मागे, हे विचारल्यावर तो आकाशाकडे बघतो. तुम्ही ‘वाहन’च्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. नोंदणी कधी संपली, विमा कधी संपला, गाडी काळ्या यादीत आहे का, सगळं दिसतं. ई-चलनंही बघा. ती माणसाच्या नव्हे, नंबरच्या मागे लागलेली असतात. गाडीबरोबर तीही तुमच्या घरी येतात. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याची नोंद हवी. हप्ते १९९८ मध्येच फिटले हे खरं असेलही, पण बँकेचं पत्र कुठल्या पेटीत आहे हे त्यालाच शोधू द्या.

नंबर एमएच १५ चा असेल तर ठीक. संगमनेरकडची एमएच १७ किंवा मालेगावची एमएच ४१ असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला विकणाऱ्यानेच आणायचा, तुम्ही नव्हे. ‘एजंट करून देईल’ हे उत्तर नव्हे. आणि पाटीवर एमएच नसून नुसती एमने सुरू होणारी तीन अक्षरं असतील तर गाडी १९८९ च्या आधीची. ती पाटी फार देखणी दिसते, पण २०१९ च्या एप्रिलआधीच्या सगळ्याच गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची आहे, दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. हाताने रंगवलेली जुनी पाटी भिंतीवर टांगा.

आता कागदावरचा नंबर लोखंडावर आहे का, ते. एजंट करतात तसंच करा. चॅसी नंबर फडक्याने पुसा, त्यावर शिसपेन्सिल आडवी घासा, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवा आणि हळूच ओढा. अख्खा नंबर पट्टीवर उतरून येतो. ती पांढऱ्या कागदावर चिकटवून उजेडात धरा. कारखान्यात ठोकलेले आकडे एका उंचीचे, एका खोलीचे असतात. मधलाच एखादा ३ जास्त खोल असेल, ८ तिरका असेल, किंवा आजूबाजूचं लोखंड घासून गुळगुळीत केलेलं दिसत असेल, तर पेन्सिल खिशात ठेवा आणि निघा. काहीतरी निमित्त सांगा. आत्याच्या आजारपणाचं चालतं. हेच ते भक्कम कारण, ज्याच्यासाठी इथवर आलात. गाडी कितीही सुंदर असली तरी पोलीस चौकीच्या आवारात ती तशी दिसत नाही.

पायरी सातवी : भाव

करन्सी नोट प्रेस १९२८ पासून याच गावात आहे. भाव करताना त्याचा काही उपयोग होत नाही. मेकॅनिकने लिहून दिलेली यादी समोर ठेवा, गप्प बसा. पहिला जो बोलतो तो हरतो. विकणारे याबाबतीत अनुभवी असतात, त्यामुळे सोबत मोसंबी सोलायला ठेवा.

पायरी आठवी : घेतल्यावर

रंगाचं आणि सायलेन्सरचं आधी करू नका. ऑइल, ब्रेक शू, क्लच आणि ॲक्सिलेटरच्या वायरी, चेन हे आधी. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ०८१४ असेल तर तो टायर २०१४ च्या फेब्रुवारीतला, नक्षी कितीही दिसो. विमा आधी, फिरणं नंतर. नावावर करायचा अर्ज तीस दिवसांत.

या गाड्यांना पेट्रोलचा काटा नसतो, टाकीखाली कॉक असतो : चालू, रिझर्व्ह, बंद. नवशिके तो रिझर्व्हवरच ठेवतात आणि मग चेहेडीच्या पुलावर त्यांना पेट्रोल संपल्याचं कळतं. रात्री गाडी लावताना कॉक बंद करा, नाहीतर कार्बोरेटरमधून थेंब थेंब गळतं आणि सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो. साडेसहाला कामावर जायचं असेल तर गाडी ढकलत फाटकाबाहेर न्या आणि तिथे किक मारा. तरी तळमजल्यावरचे काका बाहेर येतीलच. ते तक्रार करायला आलेले नसतात. त्यांच्याकडे एक येझदी होती, ती त्यांनी अठ्ठ्याऐंशी साली फक्त साडेचार हजाराला दिली, आणि ती कोणाला दिली, का दिली, तेव्हा मुलीचं काय चाललं होतं हे सगळं सांगायला त्यांना पाऊण तास लागतो. त्या हिशेबाने घरातून निघा.